ओमच्या रिपोर्टातला ‘हाय’

टोरांटो

ती. स्व. दादा व वहिनी यांस सा. न. वि. वि.

ओमच्या रिपोर्टचा फोटो नीट वाचला. अल्कलाइन फॉस्फेटेस ३८० आणि पुढे ठळक ‘हाय’. वहिनी, लिव्हरची काळजी करण्याआधी त्याच ओळीत छापलेली नॉर्मल रेंज बघा: ४० ते १३०. ती मोठ्या माणसांची आहे. ओम साडेतेरा वर्षांचा. हे एन्झाइम लिव्हरमध्येही असतं आणि हाडांतही; या वयात ते मुख्यतः वाढत्या हाडांतून रक्तात येतं.

इथल्या सिककिड्स हॉस्पिटलच्या ‘कॅलिपर’ प्रकल्पाने निरोगी मुलांचं रक्त तपासून वयानुसार रेंज ठरवल्या आहेत. त्यांच्या तक्त्यात १३ ते १५ वयाच्या मुलग्यांची रेंज १२७ ते ५१७ आहे. त्याच वयाच्या मुलींची ६२ ते २८०, कारण त्यांची उंची आधी वाढते आणि आधीच थांबायला लागते. सतरा पूर्ण झाल्यावर मुलग्यांचीही ५९ ते १६४ वर येते. ओमचा ३८० त्याच्या वयाच्या १२७ ते ५१७ मध्ये आरामात बसतो.

अशी रेंज ठरवणं कष्टाचं काम आहे. हॉस्पिटलात येणारी मुलं बहुतेक आजारीच असतात, म्हणून वस्तीतली, शाळेतली निरोगी मुलं शोधावी लागतात. पालकांची लेखी संमती, मुलाचा स्वतःचा होकार, मग प्रश्नावली: जुना आजार, चालू औषधं, नुकताच आलेला ताप. यात अडकलेलं मूल गाळायचं. नमुने वय आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे गटांत वाटायचे आणि प्रत्येक गटात किमान १२० हवेत. मधले ९५ टक्के ठेवून दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडतात. १२० चे अडीच टक्के म्हणजे फक्त तीन मुलं! एखादं आजारी मूल चुकून गटात राहिलं तरी वरची सीमा सरकते. तान्ह्या बाळांचा गट भरणं सगळ्यात अवघड, कारण निरोगी बाळाला उगाच सुई टोचायला कोण आईबाप तयार होतील?

याच हिशेबाने शंभरातली पाच धडधाकट मुलंही रेंजबाहेर दिसतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर एखादी तरी बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. म्हणून ‘फुल बॉडी’ पॅकेज मुलांसाठी उगाच करू नका.

नमुना घेतानाही गडबड होते. बोट जोरात पिळलं की लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं, तर त्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं, पोटॅशियम असलेलं रसायन) कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेसला लागणारे धातू बांधून ठेवतं: कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेस दोन्ही खोटे कमी, पोटॅशियम खूप जास्त. असं त्रिकूट रिपोर्टात दिसलं तर उपचाराआधी नमुना पुन्हा द्यायचा.

आता दादा, तू एवढं कर. लॅबला विचार, ‘या वयाची रेंज कुठून घेतली, आणि ती तुमच्या मशिनला आणि पद्धतीला लागू आहे का?’ मी वर दिलेले आकडे अ‍ॅबट कंपनीच्या मशिनवरचे आहेत. दुसऱ्या मशिनवर ते ताडून घ्यावे लागतात. त्याची सोपी रीत आहे: आपल्याकडच्या २० निरोगी मुलांचे नमुने चालवायचे, दोनपेक्षा जास्त बाहेर गेले नाहीत तर रेंज वापरायची. चांगली लॅब हे करते, आणि विचारलं तर सांगतेही.

डॉक्टरांना शंका वाटलीच तर ते जीजीटी (लिव्हरचं, पण हाडांतून न येणारं एन्झाइम) तपासायला सांगतील. जीजीटी नॉर्मल असेल तर वाढ बहुधा हाडाची. ओमचे पाय दुखत असतील, गुडघे वाकलेले वाटत असतील किंवा मनगटं जाड दिसत असतील, तर कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व बघायलाच हवं.

मला जास्त काळजी वाटते ती याच्या उलट चुकीची. तीन वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन ०.९ आलं आणि रेंज मोठ्यांची, ०.७ ते १.३, छापलेली असली, तर रिपोर्टावर काहीच खूण येत नाही. त्या वयात ते साधारण ०.२ ते ०.४ असायला हवं, म्हणजे ०.९ हा किडनीचा त्रास असू शकतो. ताईच्या छोटीचे जुने रिपोर्टही काढून शेजारची रेंज वाचायला सांगा, ‘हाय’ लिहिलेलं नसलं तरी.

तुमचा,
धाकटा