शिबिरात न सांगितलेली गोष्ट

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात तरुणांच्या चारित्र्यघडणीच्या शिबिराची मोठी बातमी वाचली. पहाटे उठा, व्यायाम करा, मोबाइल बाजूला ठेवा, आईवडिलांचा मान राखा. यातले काहीच चुकीचे नाही. पण रोजगार देणाराच खोटे बोलायला सांगू लागला तर काय करायचे, हे एकाही वक्त्याने सांगितलेले दिसत नाही. आमच्याकडच्या मुलांपुढे मोबाइलपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

माझा एक माजी विद्यार्थी गेल्या हंगामात आंब्याच्या पॅकिंगला जात होता. माल कर्नाटकातला, पेटीवर लेबल रत्नागिरी हापूसचे. जाड सालीचा, वासाला कमी. इथल्या पोराला नुसता हातात घेतला तरी कळतो. काही दिवस त्याने मुकाट्याने पेंढा अंथरून पेट्या भरल्या. मग त्याला रस्त्यावरच्या स्टॉलवर उभे केले आणि बजावले, "गिऱ्हाइकाने विचारलं तर आपल्याच बागेतला म्हणून सांगायचं." तो म्हणाला, "मी नाही सांगणार." दुसऱ्या दिवसापासून काम बंद, वर मजुरी अडकवून ठेवली. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन (म्हणजे ठरलेल्या भागातल्याच मालाला ते नाव लावण्याचा हक्क) मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते. ते मानांकन त्या पोराने सांभाळले, व्यापाऱ्याने नाही.

व्यापाऱ्यापेक्षा मला राग आला तो वाडीतल्या वडीलधाऱ्यांचा. "पोराला व्यवहार कळत नाही", "मोठा हरिश्चंद्र लागून गेला", असे त्याच्या आईला घरी येऊन ऐकवले. त्यांतले एक गृहस्थ तुमच्या छायाचित्रात व्यासपीठावर बसलेले आहेत.

त्याच छायाचित्रात मागे अण्णासाहेब कर्व्यांची हार घातलेली तसबीर दिसते. 1893 साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा त्यांच्याच मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. भारतरत्न मिळाले 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. हे शिबिरातल्या मुलांना कोणी सांगितले का? नीट वागलात तर आधी घरची-गावची माणसेच दूर लोटतील, तेव्हा आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू, असा शब्द एका तरी वडीलधाऱ्याने मुलांना द्यायला हवा होता. असा शब्द मिळाला की मुले आपोआप सरळ वागतात; पाया पडायला शिकवावे लागत नाही. इतकी वर्षे शाळेत शिकवून माझे हे मत पक्के झाले आहे.

जाता जाता आणखी एक. बातमीत व्यासपीठावरच्या प्रत्येकाचे नाव पदासकट छापले आहे. ज्यांच्यासाठी शिबिर भरवले त्या मुलांपैकी एकाचेही म्हणणे त्यात नाही. तुमच्या वार्ताहराने त्यांना काही विचारलेच नाही का?

पुढच्या शिबिरात भाषणे कमी करून मुलांना तासभर बोलू द्यावे, एवढी आयोजकांना विनंती. आणि त्या मुलाची अडकलेली मजुरी मिळवून द्यायला त्या व्यासपीठावरचे कोणी पुढे येणार असेल, तर मी सोबत यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, दापोली तालुका