बीडचे खासदार कोण होते, बाई?

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला रुचणार नाही. "एवढं काय केलं मी? चार कात्रणं दाखवली," म्हणाल, चष्मा कपाळावर सारून पावसाचा विषय काढाल. तरी लिहितेय. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवील, तेव्हा निदान उठून जाऊ नका.

डिसेंबरात मी वाचनालयात आले ती भाषण दाखवायला नव्हतेच आले. साताऱ्यात इंग्रजांना डावलून लोकांचं प्रतिसरकार, म्हणजेच पत्री सरकार, उभारणाऱ्या क्रांतिसिंह नाना पाटलांचा एखादा मोठा फोटो मिळतो का, एवढंच विचारायचं होतं. आमच्या शाळांच्या केंद्राची वक्तृत्व स्पर्धा होती, वेळ पाच मिनिटं. आमच्या सहावीतली एक मुलगी मी निवडली होती. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडच्या धारूर तालुक्यातून आलेली. वर्गात ती फार बोलत नाही, पण उसाच्या फडात आईला हाका मारून मारून आवाज असा कमावलाय की माइकची गरज नाही. भाषण मी एका रात्रीत लिहून काढलं होतं. त्यात वाघ होता, सिंह होता, वादळ होतं, आणि दर दुसऱ्या ओळीला उद्गारचिन्ह.

तुम्ही ग्रंथपाल म्हणून निवृत्त होऊनही रोज संध्याकाळी पेपरच्या टेबलाशी बसता. "बघू," म्हणालात आणि खिशातून निळी पेन्सिल काढलीत. शाळेत मुलांच्या वह्या तपासणारी मी, त्या दिवशी कळलं वही तपासून घेताना काय वाटतं.

पहिली रेघ पडली नानांच्या तोंडी घातलेल्या तीन वाक्यांवर. "हे ते कुठं म्हणाले?" मी म्हटलं, व्हिडिओत ऐकलं. तुम्ही हसलाही नाहीत. "मग व्हिडिओवाला म्हणाला असं लिहा." दुसरी रेघ 'सांगली जिल्ह्याचे सुपुत्र' यावर. तेव्हा सांगली जिल्हा होता कुठं? सगळा साताराच. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. तिसरी रेघ '१९४२ साली पत्री सरकार स्थापन झाले' या वाक्यावर, आणि तिथं मात्र तुम्ही पेन्सिल खाली ठेवून तासभर बोललात.

तो तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. बेचाळीसच्या ऑगस्ट-सप्टेंबरात निघाले ते मोर्चे. कराड, पाटण, तासगाव. लोक कचेरीवर तिरंगा लावायला जात होते, हातात काही नव्हतं. वडूजला ९ सप्टेंबरला गोळ्या चालल्या, परशुराम घार्गे पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे गेले. पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या डोक्यात हुतात्मा म्हणजे मुंडासं बांधलेला शेतकरीच. तुम्ही म्हणालात, या दोन दिवसांनी लोकांनी ठरवलं की आता कचेरीवर जायचं नाही, कचेरीच आपली काढायची. म्हणून त्रेचाळीस साल. बेचाळीसच्या रक्ताशिवाय त्रेचाळीसचं प्रतिसरकार समजत नाही, आणि मी दोन्ही एकाच वाक्यात कोंबून मोकळी झाले होते.

मग आला 'पत्री' शब्द. माझ्या भाषणाची सगळी भिस्त त्याच्यावर होती. घोड्याला नाल ठोकतात तशा गद्दारांच्या तळपायाला पत्र्या ठोकल्या, टाळ्या ठरलेल्या. तुम्ही ती ओळ खोडली नाहीत. फक्त बाजूला लिहिलंत, 'आणि उरलेले दिवस?' मी विचारलं, म्हणजे? म्हणालात, पत्र्या मारल्या हे खरं. तळव्यांवर काठ्या बसत, माणूस चार दिवस उभा राहू शकत नसे. पण शिक्षा रोज असते का? सरकार म्हणजे रोजचं काम. गावोगावची न्यायदान मंडळं, बांधाची भांडणं, सावकाराची खाती, दारूबंदी, दरोडेखोरांचा बंदोबस्त. खादीच्या कपड्यात सुताचा हार घालून, कर्ज न काढता लावलेली लग्नं, त्यांना लोक गांधी विवाह म्हणत. हे सगळं 'प्रति'मध्ये येतं, 'पत्री'मध्ये येत नाही. लोकांच्या तोंडी 'पत्री' बसलं कारण ते ऐकायला झणझणीत होतं. आणि हेही बजावलंत की शिक्षा झालेला प्रत्येक जण दोषीच होता असं धरून चालू नका. पोरीच्या भाषणात ते मावणार नाही, पण तुमच्या डोक्यात असू द्या. आहे, काका.

तुफान सेनेनं, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलानं, अडवलेल्या शेणोलीच्या गाडीचं वाक्यही तुम्हीच बदललंत. मी लिहिलं होतं, '७ जून १९४३ ला तुफान सेनेने रेल्वे लुटली.' तुम्ही सांगितलंत की कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, म्हातारपणीसुद्धा 'लुटली' हा शब्द चालवून घेत नसत. लोकांचेच पैसे परत आणले, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी एप्रिलात धुळ्याकडं चिमठाण्याजवळ सरकारी खजिना धरला, साडेपाच लाखांच्या आसपास, तिथंही हाच हिशेब. आमच्या पोरीनं 'परत आणले' हे दोन शब्द इतक्या ठसक्यात म्हटले की परीक्षकांनी मान वर केली.

हौसाताईंची गोष्ट तिला सगळ्यांत आवडली. नानांची लेक. तीन वर्षांची असताना आई गेली, बाप भूमिगत, घराला सरकारी सील, जमीन जप्त. त्याच हौसाताईंनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवऱ्याकडून मार खाण्याचं सोंग केलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि मागून साथीदारांनी बंदुका काढून नेल्या. "खरंच मारलं का बाई त्यांना?" पोरीनं विचारलं. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, सोंग खरं वाटलं पाहिजे तर थोडं लागणारच. हे उत्तर मी तिला दिलं, तर ती बराच वेळ गप्प बसली. फडावर तिनं काय काय पाहिलंय ते मला माहीत नाही.

आता मूळ गोष्टीकडं येते. भाषण सेहेचाळीसला संपत होतं. चव्वेचाळीस महिने भूमिगत राहून नाना प्रकट झाले, लोक उसळले, जय हिंद. तुम्ही शेवटचं पान उलटून पाहिलंत, मागं कोरं होतं. "माणूस गेला कधी?" मी म्हटलं, ६ डिसेंबर १९७६, मिरजेला. "मग मधली तीस वर्षं काय, देवळात बसले होते?"

आणि मग तुम्ही विचारलंत, "तुम्ही बीडच्या ना, बाई? तुमचे खासदार कोण होते?"

मी आताच्या खासदारांचं नाव घेतलं. तुम्ही मान हलवलीत. "१९६७ चे."

काका, मी बीडची. डी. एड. तिथं केलं. या जिल्ह्यात नऊ वर्षं नोकरी करतेय, दरवर्षी ३ ऑगस्टला नानांच्या फोटोला हार घालते. येडेमच्छिंद्रचा हा माणूस माझ्या आजोबांच्या मतावर लोकसभेत गेला होता, हे मला साठीपुढच्या एका ग्रंथपालानं, दुसऱ्याच जिल्ह्यात, चहा पिता पिता सांगावं लागलं. लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त म्हणजे झोप उडाली.

त्या रात्री वडिलांना फोन केला. वडील पंचाहत्तरीचे. आधी म्हणाले, मला काय कळतंय तेव्हाचं. मग म्हणाले, थांब. आमच्या बापानं कणसावर शिक्का मारला होता, एवढं ध्यानात आहे. विळा-कणीस, कम्युनिस्ट पक्षाची निशाणी. घरी येऊन आईला म्हणाले, साताऱ्याच्या पाटलाला देऊन आलो. गावातल्या एका मोठ्या वाड्याला ते आवडलं नव्हतं म्हणे. एवढंच. माझ्या घरात हे वाक्य साठ वर्षं पडून होतं आणि कुणी ते उचललं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

पुढचे दोन रविवार तुम्ही मधली तीस वर्षं उलगडलीत. तुमची कात्रणं पत्र्याच्या ट्रंकेत, वर्षवार, सुतळीनं बांधलेली. तलाठ्याची नोकरी १९३० ला सोडलेला हा माणूस स्वातंत्र्यानंतर काँग्रेसमध्ये राहिला असता तर काय मिळालं असतं, ते तुम्ही नावं घेऊन सांगितलंत. त्याच साताऱ्यात भूमिगत राहिलेले यशवंतराव १९५६ ला मुख्यमंत्री झाले, पुढं देशाचे संरक्षणमंत्री. सांगलीचा तुरुंग फोडून कृष्णेच्या पुरात उडी घेणारे आणि गोळी झेलणारे वसंतदादा १९७७ ला मुख्यमंत्री झाले. दोघांनाही कमी लेखू नका, असंही लगेच म्हणालात. पण नाना शेतकरी कामगार पक्षात गेले, तिथून कम्युनिस्ट पक्षात. "पक्षांतर म्हणा हवं तर," तुम्ही म्हणालात, "पण सत्तेपासून लांब जाणारं पक्षांतर. हल्ली त्या दिशेची एसटी बंद झालीय." हे वाक्य मला भाषणात घ्यायचं होतं, तुम्ही घेऊ दिलं नाहीत.

१९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले. तिथं मराठीत बोलले. हिंदी-इंग्रजीत नीट मांडता येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येतं, हे घटनेच्या १२० व्या कलमात आहे, ते कलमही तुम्ही काढून दाखवलंत. ज्या गळ्यानं सत्यशोधकी सभा गाजवल्या, ज्याच्या सभेआधी शाहीर शंकरराव निकमांचा डफ वाजायचा, तो गळा दिल्लीत परक्या भाषेत कशाला अडखळेल? मला मात्र त्यापेक्षा बीडचं कोडं सुटायला हवं होतं. ते असं कळलं की त्रेचाळीसला इथं प्रतिसरकार चालू होतं तेव्हा माझं बीड निजामाकडं होतं, म्हणजे तिथल्या लोकांची लढाई वेगळी, सत्तेशी वाकडं मात्र तितकंच. कोरडवाहू जमीन, डाव्या पक्षांचं काम. सदुसष्टला नाना, सत्याहत्तरला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. हे आमच्या जिल्ह्याचं राजकारण होतं आणि मला जिल्ह्याची ओळख म्हणून शाळेत शिकवलं गेलं ते सीताफळ आणि ऊसतोड.

ऊसतोडीवरून आठवलं. तुम्ही एक गोष्ट सहज बोलून गेलात आणि मी ती घरी जाऊन वहीत लिहिली. वाळव्याच्या कारखान्याला हुतात्मा किसन अहिरांचं नाव, कुंडलच्या कारखान्याला जी. डी. बापूंचं. प्रतिसरकारची माणसं पुढं ऊस आणि साखरेत गेली. आणि तो ऊस तोडायला येते कोण, तर नानांना मत देणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं. यावर तुम्ही काही म्हणाला नाहीत. ट्रंकेचं झाकण लावलंत.

स्पर्धेचं सांगायचं राहिलं. नंबर आला नाही. नवं भाषण तुमच्या पेन्सिलीखालून तीनदा गेलं होतं, त्यात एकही वाघ उरला नव्हता. पोरीनं वडूज घेतलं, गांधी विवाह घेतले, हौसाताई घेतल्या, सत्तावन्नपर्यंत आली आणि घंटा वाजली. बीड राहिलं. ती स्टेजवरून खाली उतरली ती रडवेली. नंबर गेल्याचं दुःख नव्हतं, "आपलं गाव यायच्या आत वाजवली," एवढंच म्हणत होती. पहिला नंबर पत्र्या ठोकणाऱ्या भाषणाला गेला. छान बोलला तो मुलगा, खोटं कशाला सांगू.

पण दोन दिवसांनी संध्याकाळी मी टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, गेले होते, हजेरीच्या कामासाठी. चुली पेटल्या होत्या, बैलं बांधली होती. पोरीला कुणीतरी म्हटलं, म्हण ते भाषण. तिथं घंटा नव्हती. ती सदुसष्टपर्यंत गेली. एक म्हातारी मध्येच म्हणाली, "कणीस ना? आमच्या सासऱ्यानं बी कणसावरच मारलं होतं." मग बाकीच्यांनी आपापल्या गावांची नावं घ्यायला सुरुवात केली, कुणाच्या घरी काय बोललं जायचं, कुणाचा आजा कुठल्या सभेला चालत गेला होता. त्यातलं किती खरं, किती आठवणीचं, ते तुम्ही पेन्सिल घेऊन बसलात तर कळेल. मी मात्र जमेल तेवढं लिहून घेतलंय, सात पानं झाली.

काका, मी तुमच्याकडं फोटो मागायला आले होते. तुम्ही तो दिलाच नाहीत, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

कात्रणांची पिशवी येत्या रविवारी आणून देते. सगळी वर्षवार लावली आहेत, सुतळी मात्र नवी बांधली, जुनी तुटली, रागावू नका. सदुसष्टच्या निकालाचं कात्रण अजून आठ दिवस ठेवून घेऊ का? टोळी उचलायच्या आत त्या म्हातारीला दाखवायचंय, आणि वडील बीडहून येणार आहेत.

आपली,
शाळेतल्या बाई