यंदा गणपतीला आम्ही नाही, बटन येतोय

प्रिय आई-बाबा,

तिकिटं काढलीस का असं बाबांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. नाही काढली. यंदा मी आणि ओजू येत नाही. ऋषी मात्र येतोय, पुण्याचं ऑफिसचं काम उरकून रविवारी रात्री चिपळूणला पोचेल, आपला दीड दिवस पूर्ण असेल. फोनवर सांगताना मला रडू आलं असतं म्हणून लिहितेय.

गणपती १४ सप्टेंबरला, म्हणजे शाळा सुरू होऊन जेमतेम दहा-बारा दिवस. ओजू आता पाचाचा झाला, पहिलीत जातोय, पाच दिवस बुडवले की इथे इंग्लंडात आई-बापाला प्रत्येकी ८० पाउंड दंड होऊ शकतो. पण खरं सांगू, पैशाचं नाही, ते भरले असते. गेल्या दिवाळीला तीन आठवडे येऊन गेलो ना, त्यानंतर नाताळपर्यंत पोरगं वर्गात एक शब्द बोललं नव्हतं. तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही. यात तुमचं काही चुकलं असं अजिबात मनात आणू नका, तिथे इतका बडबडला की इंग्लिश परत तोंडात यायला वेळ लागला, एवढंच.

बोलला तो बटनमुळे. बटन म्हणजे वर्गाचं अस्वल, वीतभर, तपकिरी, एक कान पोरांनी चावून चावून पार चपटा केलेला. दर शुक्रवारी एकेका मुलाच्या घरी राहायला जातो, सोबत छोटी सॅक, त्यात त्याचा नाइटड्रेस, टूथब्रश आणि एक वही. दोन दिवसांत काय काय केलं ते वहीत लिहायचं, फोटो चिकटवायचे, आणि सोमवारी वर्गात सगळ्यांना सांगायचं. जानेवारीत ओजूची पाळी आली. तू काय केलंस विचारलं तर मान खाली, पण बटनने काय खाल्लं विचारल्यावर म्हणाला, "बटन एट थालीपीठ." बाईंनी मला गेटवर थांबवून सांगितलं आणि मी गाडीत जाऊन रडले.

बाबा, तुम्ही म्हणाल शाळेत खेळणी कशाला. अहो, इथे भूगोलाच्या अभ्यासक्रमातच बार्नबी बेअर नावाचं अस्वल होतं, ते जिथे जाईल ते गाव लहान मुलं नकाशावर शोधायची. कॅनडात डेल ह्यूबर्ट नावाच्या शिक्षकाने १९९५ मध्ये कागदाचा मुलगा पोस्टाने गावोगाव पाठवायला सुरुवात केली, तेही हेच. आणि तुम्ही काय वेगळं केलंत? मी दप्तरात माझी बाहुली ठमी लपवून आणायचे, आईच्या हिरव्या लुगड्याची, तर तुम्ही न रागावता तिला बाकावर बसवलीत आणि माझ्यानंतर तिचीही हजेरी घेतलीत. मी "हजर" म्हणायचे, तिच्या वतीने. त्याआधी मी तरी कुठे बोलत होते वर्गात!

तर नव्या बाईंना विचारून बटनला ऋषीच्या बॅगेतून पाठवतेय. त्याचं सगळं नीट करा. आई, तू त्याला ओवाळणार मला माहितीये, ओवाळ, पण कुंकू लावू नकोस, डाग जाणार नाही. वर्गातल्या एका मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तेव्हा शेंगदाण्याचं काही त्याच्याजवळ ठेवायचं नाही, मोदक चालेल. विसर्जनाला वाशिष्ठीवर न्या पण पाण्याजवळ नाही, ऋषीच्या खांद्यावरच. वहीत लोकांनी पॅरिसचे वगैरे फोटो लावलेत, त्याचं टेन्शन घेऊ नका, आपल्या पडवीत झोपाळ्यावर बसलेला एक फोटो पुरे. वर्गाच्या नकाशावर चिपळूणला टाचणी लागणार आहे.

आई, डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत, चुलीपुढे बसायचं नाही, मोदक जोशीकाकूंकडून सांगून आण, एकवीसच्या एकवीस. मी काकूंशी बोललेय, पैसेही दिलेत, वाद घालू नकोस. बाबा, बीपीची गोळी आरतीच्या आधी, नंतर नाही, आणि माळ्यावरचं मखर ऋषी काढेल, तुम्ही शिडीला हातसुद्धा लावू नका. पुराच्या वर्षी काय झालं ते आठवा. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघंही येतोय, ती तिकिटं आजच काढली, १९ डिसेंबर.

ओजूला सगळं सांगून झालंय. त्याने एकच विचारलं, आजोबा बटनला ओळखतील का.

बाबा, त्याची हजेरी घ्या. ऋषी व्हिडिओ काढेल. "हजर" इथून ओजू म्हणेल.

तुमची,
मनू