तीन आठवड्यांत न भरलेले तोंड दाखवून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत तोंड येण्याविषयी अधूनमधून मजकूर असतो. जीवनसत्त्वांची कमतरता, ताण, अपुरी झोप, दाताची टोचणारी कड ही कारणे त्यात येतात, आणि बहुतेकांचे तोंड आठवडा-दोन आठवड्यांत बरेही होते. ज्यांचे बरे होतच नाही, त्यांच्यासाठी मात्र त्या मजकुरात एक ओळही नसते. म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या बहिणीला पेम्फिगस व्हल्गॅरिस हा तोंडात आणि त्वचेवर फोड आणणारा आजार आहे. सुरुवात तोंडातच झाली. गालाच्या आतून आणि टाळूवर सालटे निघाल्यासारख्या जखमा, एक भरत आली की दुसरी तयार. गोळ्या झाल्या, लावायची औषधे झाली, एक धडधाकट दातही काढून झाला. पाण्याचा घोटसुद्धा झोंबायचा, वजन उतरत गेले. पुढे पाठीवर फोड उठले, तेव्हा कुठे ती त्वचारोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचली. असे अनेकांचे होते. या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत पहिली जखम तोंडात होते आणि अंगावर फोड यायला पुढे कित्येक महिने लागू शकतात. तोंडातला फोड सहसा कुणाला दिसतही नाही. त्याचे आवरण इतके पातळ असते की चावता-चावता ते फुटून जाते आणि मागे उरते ती लाल, वेड्यावाकड्या कडांची जखम.

हा संसर्ग नव्हे. त्वचेच्या पेशी एकमेकींना डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी शिवलेल्या असतात. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा याच टाक्यांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते आणि शिवण उसवते. तोंडाच्या अस्तरात डेस्मोग्लीन ३ वर जास्त भिस्त असते, म्हणून आधी तोंड सोलवटते. डेस्मोग्लीन १ वरही हल्ला सुरू झाला की त्वचेवर फोड येतात. पेम्फिगॉइड हा वेगळा आजार. त्यात वरचा थर खालच्या थरापासून सुटतो, म्हणून फोड ताठ असतात, लवकर फुटत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ मध्ये हे दोन आजार वेगळे ओळखले.

नुसत्या नजरेने निदान पक्के होत नाही, आणि मला सर्वांत जास्त तळमळ इथेच वाटते. जखमेच्या कडेचा एक तुकडा नेहमीच्या तपासणीला जातो. दुसरा तुकडा शेजारच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या भागातून घ्यावा लागतो. त्यावर इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी होते आणि पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे दिसतात. हा दुसरा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला तर तपासणीच्या कामाचा राहत नाही. त्यासाठी वेगळा द्रव लागतो. दंतवैद्यांना आणि तुकडा घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे ठाऊक हवे. रुग्णाने किंवा घरच्यांनीही ‘दुसरा तुकडा घेतला का?’ असे बेधडक विचारावे.

स्टेरॉइड उपलब्ध होण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. उघड्या जखमांतून शरीरातील द्रव आणि प्रथिने झिरपत, जंतुसंसर्ग होई. आज बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो. आपल्याकडे डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फमाइड पल्स उपचार, म्हणजे ठरावीक अंतराने शिरेतून औषधाचे मोठे डोस देणे, रूढ केले. रिटक्सिमॅब या शिरेतून देण्याच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये पेम्फिगससाठी मान्यता मिळाली. या औषधांची किंमत शरीर मोजते, हे खरे: साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, क्षयरोग किंवा जुनी कावीळ (हिपॅटायटिस बी) डोके वर काढू शकते. म्हणून तपासण्या टाळू नयेत. पण ‘स्टेरॉइड’ ऐकताच गोळ्या बंद करायला लावणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा मला राग येतो. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवले तर आजार तर उसळतोच, शिवाय शरीराची स्वतःची कॉर्टिसोल या संप्रेरकाची निर्मिती मंदावलेली असल्याने जिवावर बेतू शकते. डोस डॉक्टरांनीच उतरवायचा.

वृद्धांविषयीही लिहायलाच हवे. साठी-सत्तरीनंतरच्या पेम्फिगॉइडमध्ये फोड येण्याआधी कित्येक आठवडे नुसती खाज सुटलेली असू शकते आणि ‘वयामुळे कातडी कोरडी पडली’ म्हणून ती सोडून दिली जाते. मधुमेहावरच्या ग्लिप्टिन गटातील गोळ्यांचाही या आजाराशी संबंध आढळला आहे, तेव्हा कोणती औषधे चालू आहेत ते त्वचारोगतज्ज्ञांना सांगावे. हिरड्या सतत लाल राहून सोलवटत असतील आणि सोबत डोळे चुरचुरत असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच गाठावे. श्लेष्मल त्वचेच्या (तोंड, डोळे यांच्या ओल्या अस्तराच्या) पेम्फिगॉइडमध्ये डोळ्यांत व्रण धरून दृष्टी जाऊ शकते.

हे आजार एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. तरीही माझ्या बहिणीचा पेला घरात वेगळा ठेवला गेला होता, त्याचे दुःख तिला जखमांपेक्षा कमी नव्हते.

आपल्याला विनंती एवढीच, की तोंड येण्यावरील पुढच्या लेखात चौकट करून छापावे: तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर दंतवैद्य किंवा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कर्करोगाची शंकाही त्याच भेटीत तपासली जाईल.

आपली,
एक नियमित वाचक