पहिलीला बाराखडीची घाई नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून उजाडला की पहिलीच्या वर्गांत ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ सुरू होतं. दिवाळीपर्यंत पोरं ‘ज्ञ’पर्यंत धडाधड म्हणतात आणि पालक खूश होतात. त्याच पोराला मधलाच ‘ध’ दाखवा. ते मनात ‘क’पासून मोजत येतं, नाहीतर ‘घ’ म्हणून मोकळं होतं. पुढे ३४ व्यंजनांची बाराखडी, म्हणजे ४०८ घरं. तोवर वाचायला अर्थाचं एक वाक्य नाही.

यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात, फलटणला घडला आहे. अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि इथल्याच झाल्या. १९७८ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. शाळेत न टिकणाऱ्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. मुळाक्षरांचा क्रम सोडून अक्षरांचे छोटे गट करायचे आणि स्वरचिन्हं पहिल्या गटापासूनच घ्यायची, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा.

वर्गात हे करायचं ते असं. समजा म, क, ल, र आणि सोबत काना व दुसरी वेलांटी घेतली. एवढ्यावर काका, मामी, मका, काम, लाल, कमी हे शब्द होतात, आणि ‘मामा, काम करा’ हे पुरं वाक्यही. एका गटाला आठ-दहा दिवस द्यावेत. घ-ध, भ-म, ब-व अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या एका गटात कधीच घेऊ नयेत. पहिली वेलांटी दुसरीच्या बरीच मागून यावी, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. मूल तिथेच अडखळतं. ‘का-म’ असं सुटं वाचून झालं की लगेच ‘काम’ असं सलग म्हणून घ्यावं. नाहीतर शेवटच्या ‘म’मधला ‘अ’ लांबतो आणि ओळखीचा शब्दही कानाला परका वाटतो.

अक्षरगट म्हणजे अर्धंच काम. रोज गोष्ट वाचून दाखवायची आणि मुलं जे बोलतात तेच फळ्यावर लिहून त्यांच्याकडून वाचून घ्यायचं, हे सोडलं तर गटांचीही नवी घोकंपट्टीच होते.

बोलीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. आपल्या भागात कितीतरी घरांत ‘पानी’ आणि ‘कोन’ म्हणतात. पुस्तकातलं ‘पाणी’ मुलानं ‘पानी’ असं वाचलं, तर त्यानं शब्द ओळखला आहे आणि अर्थही लावला आहे. ती वाचनाची चूक नव्हे. तिथे टोकलं की पोर मोठ्यानं वाचणंच बंद करतं. ‘ण’ लेखनाच्या तासाला वेगळा घ्यावा. याउलट ‘पाणी’ला ‘पान’ म्हटलं, तर स्वरचिन्ह कच्चं आहे. तिथे मागच्या गटावर जावं.

लेखनात नुसतं फळ्यावरचं उतरवून घेणं फसवं असतं. मूल चित्र काढल्यासारखं अक्षर काढतं, आणि काही जण तर शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरं लटकवतात. रेघ शब्द पुरा झाल्यावरच द्यावी. गटातल्या अक्षरांनी मुलानं स्वतः रचलेली दोन वाक्यं, चुकांसकट, दहा पानांच्या अनुलेखनापेक्षा जास्त सांगतात. पालकांनी वही उघडली की तीच शोधावीत.

जोडाक्षरं शेवटी, त्यातही ‘र’ सगळ्यात शेवटी. सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या ही त्याची चार रूपं एकाच दिवशी फळ्यावर मांडली की सगळाच घोटाळा होतो. एकेक रूप आठवडाभर चालवावं. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात तर मोठी माणसंही फसतात.

आपले,
पहिलीला शिकवणारे काही शिक्षक,
ता. फलटण, जि. सातारा