नवशिक्यांच्या हाती पांढरा बारीक धागा देऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीआधीची हस्तकला प्रदर्शने आता सुरू होतील. टॅटिंगच्या, म्हणजे छोट्या शटलने धाग्याच्या गाठी घालून केलेल्या लेसपुढे कॉलेजच्या मुली थांबतात, कानातली हातात घेऊन बघतात आणि 'हे शिकता येईल का?' असे विचारतात. प्रत्यक्ष वर्गाला थोड्याच येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी लवकर गळतात. 'आजच्या मुलांना धीर नाही' हे त्याचे ठरलेले स्पष्टीकरण आम्हाला पटत नाही. तासन्‌तास मान खाली घालून मेंदी काढणारी हीच मुले आहेत. चूक आपल्या शिकवण्याच्या पहिल्या तासात आहे.

टॅटिंगमध्ये अडते ते एकाच ठिकाणी : गाठ पलटण्यापाशी. डाव्या हाताच्या बोटांभोवती धाग्याचा वेढा असतो आणि उजव्या हातात शटल, म्हणजे दोन पात्यांमध्ये धागा गुंडाळलेली होडीच्या आकाराची छोटी फिरकी. शटल वेढ्याच्या धाग्याखालून नेऊन वरून परत आणले की अर्धी गाठ पडते, पण ती शटलच्या धाग्याची असते. आता डावी बोटे सैल सोडायची आणि शटलचा धागा ताणायचा, म्हणजे गाठ पलटून वेढ्याच्या धाग्यावर जाते. दुसरी अर्धी गाठ उलटी, म्हणजे शटल वरून नेऊन खालून परत. दोन्ही मिळून एक डबल स्टिच. गाठ पलटली नाही तर ती शटलच्या धाग्यावर आवळते आणि शेवटी धागा ओढला तरी रिंग, म्हणजे वेढा आवळून होणारे गोल, बंदच होत नाही. नवशिकीला हे कळते सोळा गाठी घालून झाल्यावर, आणि मग हातात कात्रीच घ्यावी लागते. पांढऱ्या 40 नंबरच्या धाग्यात नेमकी कोणती गाठ फसली हे शिकवणारीलाही धड दिसत नाही. दोन-तीनदा असे झाले की मुलगी 'मला नाही जमत' म्हणून उठते, आणि तिचे काही चुकत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी दोन रंग द्यावेत. घट्ट पिळाचा मर्सराइज्ड (प्रक्रियेने चमकदार आणि मजबूत केलेला) सुती धागा, 10 किंवा फार तर 20 नंबरचा. नंबर वाढतो तसा धागा बारीक होतो. शटलवर लाल, बोटांवर पिवळा, दोघांची टोके एकत्र बांधलेली. गाठी पिवळ्या दिसल्या तर बरोबर. लाल दिसली की तिथल्या तिथे शटलच्या टोकाने उकलायची. दर गाठीनंतर शटलचा धागा ओढून बघायचा. तो गाठींमधून सरकलाच पाहिजे. हा सराव चेनचा, म्हणजे दोन धाग्यांवरच्या गाठींच्या उघड्या ओळीचा आहे, रिंगला एकच धागा लागतो, त्यामुळे रिंगकडे नंतर वळावे. लोकर किंवा सैल पिळाचा धागा जाड म्हणून सोपा वाटतो, पण त्याचे तंतू सुटतात आणि गाठ सरकत नाही. शटलही काठोकाठ भरू नये. धागा पात्यांबाहेर आला की मळतो, आणि पाती फाकली की शटल खाली सोडताच भराभर उलगडते.

काही वर्गांत शटलऐवजी लांब सुईवर टॅटिंग शिकवतात. तिथे गाठ पलटावी लागत नाही, त्यामुळे सुरुवात लवकर होते. पण सुईच्या जाडीमुळे गाठी थोड्या सैल राहतात आणि वळण कमी रेखीव येते. आमचे मत शटलच्या बाजूने आहे.

दुसरी गोष्ट, पहिली वस्तू छोटी आणि वापरता येईल अशी हवी. टेबलक्लॉथची लेस नको, रुमालाची कड नको. सहा रिंगांचे फूल घ्या. पहिली रिंग : 4 डबल स्टिच, पिको (दोन गाठींमध्ये सोडलेला धाग्याचा छोटा फास), 4, पिको, 4, पिको, 4, बंद. पुढची रिंग तिला अगदी लागून : 4, आधीच्या रिंगच्या शेवटच्या पिकोत जोड (पिकोतून वेढ्याचा धागा ओढून त्यातून शटल न्यायचे), 4, पिको, 4, पिको, 4, बंद. सहावी रिंग पाचवीला तर जोडायचीच, शिवाय तिच्या शेवटच्या पिकोच्या जागी पहिल्या रिंगच्या पहिल्या पिकोत जोड द्यायचा. इथे बहुतेकींचे फूल बिघडते. सरळ जोडले तर तो पिको पिळलेला दिसतो. फूल दुमडून पहिल्या रिंगची पाठ समोर आणावी, पिकोला अर्धा पीळ देऊन मग धागा ओढून घ्यावा, म्हणजे उलगडल्यावर तो सपाट बसतो. पिको लहानमोठे होत असतील तर जुन्या लग्नपत्रिकेची 5 मिलिमीटर रुंद पट्टी कापून दोन गाठींमध्ये धरावी. टोके नुसती गाठ मारून कापली तर धुतल्यावर सुटतात. बारीक सुईने ती गाठींच्या आत शिवून मगच कापावीत. कानातल्यांना साबुदाण्याची खळ देऊ नये, पावसाळ्यात ती मऊ पडते. अशी दोन फुले झाली, हुक लावले, की मुलगी ती घालून कॉलेजला जाते आणि तिची मैत्रीण पुढच्या वर्गाला येते.

वर्गांच्या वेळाही बदलायला हव्यात. दुपारी दोन ते चार या वेळेत विद्यार्थी आणि नोकरी करणारे येणार कसे? जाहिरातीतले 'फक्त महिलांसाठी' काढून टाकावे, बोटे सगळ्यांना सारखीच असतात. व्हिडिओ काढताना कॅमेरा समोर न ठेवता शिकवणारीच्या खांद्यामागे ठेवावा, म्हणजे हात बघणाऱ्याच्या हातांसारखे दिसतात. डावखुऱ्यांसाठी तोच व्हिडिओ आरशासारखा उलटवून द्यावा.

शाळांसाठी वाट मोकळी आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत, स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्यासाठी. एक शटल, दोन रंगांचे धागे, सुई आणि कात्री यापलीकडे यात साहित्य लागत नाही. स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावात लेसची शाळा 1876 पासून चालू आहे आणि मुले तिथे नियमित शिकतात. तिथली लेस बॉबिनची, म्हणजे अनेक लाकडी फिरक्यांवरचे धागे एकमेकांत गुंफून केलेली, आपली शटलची, पण शिकवणे एखाद्या हौशी बाईच्या सवडीवर सोडलेले नाही, हे आपण घेण्यासारखे आहे.

आता पैशांबद्दल. लेसची किंमत धाग्यावरून ठरवणे थांबले पाहिजे. सरावलेल्या हाताला एक रिंग किती वेळात होते ते घड्याळ लावून मोजावे, त्याला कानातल्यांच्या जोडीतल्या बारा रिंगांनी गुणावे, टोके शिवण्याचा आणि हुक लावण्याचा वेळ मिळवावा, आणि त्या तासांना आपल्या गावातल्या कुशल कारागिराची मजुरी लावावी. वर साहित्याचा खर्च. त्याखाली विकू नये. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती लेस पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांनी तुटपुंज्या दरात केली. आईला काय मिळते हे लेक बघत असते. बाजारात टॅटिंगसारखी दिसणारी स्वस्त पट्टी मिळते, ती यंत्रावरच्या भरतकामाची नक्कल असते. तिच्यात सरकणारी गाठ नसते. हा फरक गिऱ्हाइकाला दाखवावा.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना एक विनंती. बक्षिसे दरवेळी सर्वांत मोठ्या टेबलक्लॉथला जातात, त्याने नवे लोक बुजतात. पंचविशीच्या आतल्यांसाठी आणि 'पहिले काम' यासाठी वेगळे गट ठेवावेत, आणि परीक्षकांनी कामाची मागची बाजूही तपासावी. विक्रीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावे : पाच शटले, लाल-पिवळा धागा, दोन खुर्च्या. तिथे बसून शिकवायला आम्ही या दिवाळीपासून विनामोबदला येऊ.

– टॅटिंग आणि क्रोशा शिकवणाऱ्या काही जणी, पुणे