चित्रनगरीच्या आधी हिशेबपट्टी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इगतपुरी तालुक्यातील मुंढेगावच्या नियोजित चित्रनगरीविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. जागा, रस्ते, मुंबईपासूनचे अंतर आणि स्थानिकांना मिळू शकणारा रोजगार यांची त्यात चांगली चर्चा आहे. त्या रोजगाराचे पैसे लोकांच्या हातात कधी आणि कसे पडणार, याबद्दल मात्र लेखात काहीच नाही. गेली बावीस वर्षे मी नाशिकमधून चित्रीकरणासाठी जनरेटर, दिवे आणि गाड्या पुरवतो, आणि तीन मराठी चित्रपटांत भागीदार म्हणून पैसेही गुंतवले आहेत. त्यामुळे बिल पाठवणारा आणि बिल भरणारा अशा दोन्ही बाजूंनी हा धंदा मी पाहिला आहे, आणि त्यातूनच हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी त्र्यंबकेश्वर तालुक्यात एका युनिटचे, म्हणजे चित्रीकरणाच्या चमूचे, अकरा दिवसांचे काम होते. अंजनेरीच्या रस्त्यावर चहा-नाश्त्याची टपरी चालवणाऱ्या एका बाईंना मी सकाळच्या नाश्त्याचे काम मिळवून दिले. पहाटे साडेपाचला सुमारे सत्तर माणसांचे पोहे किंवा उपमा आणि दोन वेळचा चहा, माणशी साठ रुपये, असे तोंडी ठरले. पहिल्या दिवशी पाच हजारांचा ॲडव्हान्स मिळाला आणि बाकी पॅकअपच्या, म्हणजे काम आटोपण्याच्या, दिवशी चुकती करू, असे प्रॉडक्शन मॅनेजरने सांगितले. पॅकअप रात्री दोनला झाले, युनिट पहाटेच मुंबईकडे निघाले आणि बाई नाश्ता घेऊन आल्या तेव्हा मैदानात फक्त माझी जनरेटरची गाडी उभी होती. त्यानंतर चार महिने त्यांना फोनवर एकच उत्तर मिळत राहिले, की चेक तयार आहे, सहीला गेला आहे. पुढे त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून सोबत आणली होती. रोजच्या चौकोनात पेन्सिलने माणसांचा आकडा लिहिलेला होता: ६८, ७१, ७४. त्यांच्याकडे तेवढाच पुरावा होता. व्हाउचरवर सही नाही म्हणून कंपनीने तो मानला नाही. त्यांचे चाळीस हजारांहून थोडे अधिक येणे होते. ते मी दोन हप्त्यांत माझ्या खिशातून दिले, कारण माझ्या शब्दावर त्यांनी काम घेतले होते. आता त्या कोणत्याही युनिटचे काम घेत नाहीत.

माझीही बिले अडकली आहेत, पण माझ्याकडे कागद असतो. एका कंपनीने माझ्या बिलातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला आणि वर्षअखेरीस मी २६एएस हा आयकर खात्याकडील जमा कराचा उतारा काढून पाहिला तर ती रक्कम सरकारकडे भरलेलीच नव्हती. म्हणजे माझ्याच पैशांतून कापलेला कर माझ्या खात्यावर जमा झाला नाही. अशा वेळी निदान पत्रव्यवहार करता येतो, सीएकडून नोटीस पाठवता येते. ज्याच्याकडे दिनदर्शिकेतील पेन्सिलचे आकडेच आहेत, त्याने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर नाशिक जिल्ह्याला नवे नाही. लासलगावला किंवा पिंपळगाव बसवंतला शेतकरी कांदा विकतो तेव्हा त्याला हिशेबपट्टी मिळते. वजन किती, भाव काय, कपात असल्यास किती आणि हाती किती पडले, हे त्या एका कागदावर असते. तिथेही व्यापारी पैसे थकवतात आणि द्राक्षांच्या व्यवहारात तर बागायतदारांची फसवणूक होऊन पोलिसांत तक्रारी झालेल्या आपण अनेकदा छापल्या आहेत. पण त्या पट्टीच्या आधारावरच शेतकरी बाजार समितीच्या दारात उभा राहू शकतो. चित्रीकरणाच्या धंद्यात अशी पट्टी देण्याची पद्धतच नाही. सारे काम ओळखीवर आणि फोनवर चालते. ‘आपण पुढेही एकत्र काम करणार आहोत’ हे वाक्य पैसे मागणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरले जाते, कारण पुढचे काम जाईल या भीतीने माणूस मागचे पैसे मागत नाही.

कायदा नाही, असेही नाही. चित्रपट कामगारांशी लेखी करार केला पाहिजे, हे १९८१ च्या केंद्रीय कायद्यातच सांगितले होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या नियमातही बदल झाला असून मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत कंपनीला खर्च म्हणून वजा करता येत नाही. या कायद्याच्या लाभासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला शुल्क लागत नाही. तरीही नाशिकमधील लाइटमन, गाडीवाले, मंडपवाले आणि जेवण पुरवणारे यांच्यापैकी फार थोड्यांनी ती केलेली मला दिसते. काम घेण्याआधी ती करून ठेवावी, असे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे.

आपल्या बाजूचे दोषही मी लपवणार नाही. बाहेरचे युनिट आले की खोलीचे भाडे तिप्पट सांगणे, हातात नसलेली परवानगी मिळवून देतो म्हणून पैसे घेणे, चित्रीकरण सुरू झाल्यावर गाडी आडवी लावून वर्गणी मागणे, हे प्रकार आपल्याकडे झाले आहेत आणि त्यामुळे युनिटे परत गेली आहेत. लेखी दरपत्रक असेल तर या लुटीलाही आळा बसेल.

आता वृत्तपत्रांविषयी. ही बाब मला पैशांच्या थकबाकीइतकीच गंभीर वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो.

चित्रपटाने तीन दिवसांत अमुक कोटी कमावले, असा मथळा वाचणाऱ्याला ते पैसे निर्मात्याच्या खिशात गेले असे वाटते. प्रत्यक्षात प्रेक्षकाने २३६ रुपयांचे तिकीट काढले तर त्यातले ३६ रुपये जीएसटीचे असतात. उरलेल्या २०० रुपयांपैकी मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे चित्रपटगृहाकडे राहतात आणि पुढच्या आठवड्यांत निर्मात्याकडील वाटा आणखी घटत जातो. राहिलेल्या शंभरातून वितरकाचे कमिशन जाते, मग प्रसिद्धीचा खर्च वळता होतो आणि त्यानंतर जे उरेल त्यातून निर्मितीचा खर्च भरून निघायचा असतो. मथळ्यातला आकडा अनेकदा २३६ रुपयांच्या हिशेबाने केलेला असतो. शिवाय तो कंपनीच्या पीआरने, म्हणजे प्रसिद्धी विभागाने, पाठवलेला असतो आणि तपासल्याशिवाय छापला जातो.

याचा फटका कोणाला बसतो, ते मी जवळून पाहिले आहे. निफाड तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका द्राक्ष बागायतदाराने असेच मथळे वाचून एका मराठी चित्रपटात दोन हंगामांचे पैसे घातले. त्यांना कोणी खोटे कागद दाखवले नव्हते. त्यांनी वर्तमानपत्रातील कोटींच्या आकड्याला आपल्या भागीदारीच्या टक्क्याने गुणले होते. चित्रपट दहा दिवस चालला. ‘माझ्या द्राक्षांचा भाव तुम्ही छापता तेव्हा तो क्विंटलला आहे की किलोला हे लिहिता, मग सिनेमाचा आकडा कशाचा आहे हे का लिहीत नाही?’ असे त्यांनी मला विचारले. संपादक महोदय, हा प्रश्न माझ्यापेक्षा आपल्याला विचारायला हवा होता, म्हणून तो जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोचवतो.

परीक्षणांबाबत तर मी स्वतःच दोषी आहे. माझी भागीदारी असलेल्या दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी आम्ही प्रसिद्धीचे ‘पॅकेज’ घेतले होते. त्यात नायिकेची मुलाखत, सेटवरचा वृत्तांत आणि चार तारे असलेले परीक्षण इतके सारे एका दरात होते. मजकूर आमच्याच माणसाने लिहून दिला आणि परीक्षकाच्या नावाने तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्या परीक्षकाने चित्रपट पाहिलेलाही नव्हता. मी त्या बिलावर सही केली. नाशिकरोडच्या एका कुटुंबाने ते चार तारे वाचून पाच तिकिटे काढली होती. मध्यंतरात बाहेर आलेल्या त्या गृहस्थांचा चेहरा मला आजही आठवतो. ते रागावले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहून ‘पेपरात तर चांगलं लिहिलं होतं’ एवढेच म्हटले. त्यानंतर मी असे पॅकेज घेतलेले नाही आणि तिसऱ्या चित्रपटाच्या करारातच तसे कलम घालून घेतले.

जाहिरात करू नये, असे मी म्हणत नाही. जाहिरातीशिवाय चित्रपट लोकांपर्यंत जात नाही, हे त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी सर्वांच्या आधी ओळखले होते. १९१३ साली त्यांच्या पहिल्या चित्रपटाची तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे दाखवणारी जाहिरात प्रसिद्धच आहे. तो चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा होता आणि एका फुटात सोळा चित्रे बसतात. गुणाकार केला तर उत्तर एकोणसाठ हजारांच्या आसपास येते. म्हणजे आकडा फुगवलेला नव्हता, उलट थोडा कमीच होता. त्याच जाहिरातीत चित्र दोन मैल लांब असल्याचा दावा होता आणि तो मात्र या हिशेबात बसत नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण तीन आणे मोजणाऱ्याला आपण जाहिरात वाचत आहोत हे ठाऊक होते. फाळके ती कोणा परीक्षकाच्या तोंडून वदवत नव्हते. १९१७ आणि १९१८ साली त्यांनी ‘नवयुग’ मासिकात आपल्या धंद्याविषयी लिहिले, तेही स्वतःच्या नावाने. पुढे याच नाशिकमध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीतील भागीदारांशी त्यांचे बिनसले आणि ते काही काळ सर्व सोडून काशीला गेले. कलावंत आणि भांडवलदार यांच्यातील अधिकार आणि खर्च आधीच स्पष्ट नसले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच गावात शंभर वर्षांपूर्वी घडलेले आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभारले, ते योग्यच झाले. त्यांच्या व्यवसायातील अडचणींचा अभ्यास मात्र आपण केला नाही.

जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगळी ओळखता आली पाहिजे, असे भारतीय प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या निकषांत स्पष्ट म्हटले आहे. समाजमाध्यमांवर पैसे किंवा भेटवस्तू घेऊन शिफारस करणाऱ्यांनी ते उघड केले पाहिजे, हे केंद्र सरकारने २०२२ आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले. ज्या मोबाइलवाल्या मुलाला आपण ‘इन्फ्लुएन्सर’ म्हणून हिणवतो, त्याच्याकडून जी अपेक्षा आहे ती दीडशे-दोनशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या मराठी पत्रकारितेकडून कमी असू नये. म्हणून माझी विनंती तीन शब्दांची आहे. पैसे घेऊन छापलेल्या चित्रपटविषयक मजकुरावर, तो मुलाखतीच्या रूपात असला तरी, ‘ही जाहिरात आहे’ असे वाचता येईल एवढ्या टाइपात छापावे. त्याचप्रमाणे कमाईचा आकडा देताना तो करासह आहे की करवजा आणि तो कोणी पुरवला, हे त्याच वाक्यात सांगावे. यामुळे आपले जाहिरातीचे उत्पन्न काही काळ घटेल, याची मला कल्पना आहे. ‘जाहिरात’ असा शिक्का असलेल्या पानासाठी पूर्ण दर मोजायला निदान मी तयार आहे.

चित्रनगरीसाठी शासनाशी बोलणी करणाऱ्या लोकप्रतिनिधींनाही एक सुचवावेसे वाटते. तिथे जागा भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून स्थानिक देण्यांपोटी अनामत रक्कम घ्यावी आणि पुरवठादारांच्या सह्यांचे ‘येणे बाकी नाही’ असे पत्र आल्यावरच ती परत करावी. सभागृह भाड्याने देताना आपण खुर्च्या मोडतील म्हणून अनामत घेतो; माणसांच्या मजुरीसाठीही ती घेता येईल. त्याच वेळी महिलांच्या तक्रारींसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार समिती नेमल्याची नोंदही कंपनीकडून घ्यावी. रात्रीच्या शिफ्टनंतर पॅकअप झाल्यावर इगतपुरीच्या घाटमाथ्यावरून नाशिकला परतायचे कसे, हा प्रश्न आमच्या मेकअप आणि वेशभूषा विभागातील मुलींना आजही पडतो. त्यांच्या परतीच्या गाडीचा उल्लेख कॉलशीटवर, म्हणजे चित्रीकरणाच्या रोजच्या वेळापत्रकावर, असलाच पाहिजे.

मी स्वतः गेली सहा वर्षे एका पानाचा मराठी करारनामा वापरतो. कामाचे दिवस, दर, ॲडव्हान्स, डिझेल कोणाचे, शिफ्ट वाढल्यास किती आणि बाकी किती दिवसांत, एवढेच त्यात आहे. खाली रोजच्या सहीसाठी चौकोन आहेत. काही प्रॉडक्शन मॅनेजर तो पाहून काम दुसरीकडे देतात. बहुतेक जण सही करतात. त्याची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. जागा असल्यास ती छापावी. कोणीही ती वापरली तरी माझी हरकत नाही.

आपला,
एक चित्रपट व्यावसायिक, नाशिक